कुंपणाकडची पानं

काशीद
८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हे सहा तारखेला दादरला जाऊन सुखरूप परत आले. येताना तुझ्यासाठी दोन पुस्तकं आणली आहेत, गुडघा चालता झाला की येऊन घेऊन जा. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू लावत नाहीस, तेव्हा आपलं टपालच बरं. शिवाय या खेपेला रोगी पाकिटात घालून पाठवायचा आहे.

सोबत दोन पानं आहेत, तू सांगायचास तशी वर्तमानपत्रात दाबून घेतलेली. फोटो काढला नाही, कारण फोटोत रंग खोटे येतात असं कृषी खात्यातली तुझी तीस वर्षं सांगतात. पानं मैत्रीच्या अँथुरियमची. दिवाळीत ती शिमल्याहून आली तेव्हा विमानात मांडीवर घेऊन बसली होती ते झाड. पोरीच्या नर्स झाल्यावरच्या पहिल्या पगारातलं. तूही तेव्हा इथे होतास, कुंपणाशी उभा राहून त्याची तासभर थट्टा करत होतास. पलीकडून शेजारची केसर, अलीकडून आपण, सगळे हसत होतो. तेव्हा हसत होतो.

सावली मिळावी म्हणून कुंडी त्या कुंपणालाच टांगली आहे. गेल्या सोमवारी पान तकतकीत होतं. मंगळवारी त्यावर तेल सांडल्यासारखा डाग आला, गुरुवारी तो डाग काळा पडला. शेजारच्या नागवेलीच्या तीन पानांचीही तीच गत. मला पुण्याच्या पाहुण्यांचा संशय आहे. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून अंगणात कोण काय ओतेल याचा नेम राहिलेला नाही. उरलेला चहा ओतला असेल, नाही तर त्याहून वाईट काही.

मैत्री दर रविवारी व्हिडिओवर झाड दाखव म्हणते. मी चांगल्या बाजूने दाखवते. फेब्रुवारीच्या शेवटी ती येणार आहे, तेव्हा कुठली बाजू दाखवू? लवकर लिही.

वहिनीला जयभीम. तुझा लोभ झाडांवर जास्त आहे हे ठाऊक आहे, थोडा माझ्यावरही असू दे.

तुझी,
प्रज्ञा


पाली
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञास,
दादाचे सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पाकीट मिळालं. गुडघा वाकतो, पण उलट बोलतो. सुचिता मला फाटकापर्यंतच सोडते. त्यामुळे तुझी पानं आली तशी मला करमणूकच झाली, भिंग घेऊन दोन दुपारी बसलो.

करपा नाही. करप्याच्या डागात वर्तुळात वर्तुळ दिसतं, इथे ते नाही. जिवाणूंचा रोग असता तर डागाभोवती पिवळी कडा आली असती आणि सुरुवात पानाच्या काठाने झाली असती. तुझा डाग मधोमध, कडा नाहीच. उन्हाने पान पांढरं पडतं, काळं नाही. चहाने फार तर मुळं सडतील. तेव्हा पुण्याच्या लोकांना सोडून दे. मग काय उरतं, ते मी लिहीत नाही, कारण काशीदला ते होणं शक्य नाही.

पुढचं पान पाठवशील ते अर्धं हिरवं, अर्धं डागी असं बघून कापून पाठव. पुरतं मेलेलं पान काही सांगत नाही. आणि मला नीट कळव, डाग झाडाच्या कुठल्या अंगाला जास्त आहेत, वरच्या पानांवर की खालच्या, आणि पहाटे गारठा किती असतो. माणसांवर जाण्याआधी झाडाला विचार. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दहावीच्या परीक्षेला तू वर्गावर असलीस की अभ्यास केलेली पोरंसुद्धा खिशातला रुमाल घरी ठेवून यायची.

पाहुण्यांची काळजी घे आणि स्वतःचीही.

तुझा,
दादा


काशीद
२२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू विचारलंस ते सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. डाग वरच्या पानांवर आहेत आणि सगळे केसरच्या अंगाला. आपल्या घराकडच्या पानांना धक्का नाही. पहाटेचा गारठा म्हणशील तर ह्यांनी पडवीत तापमापक लावलाय, अठराच्या खाली पारा आलेला नाही. आता तूच सांग, कुठे पाणी मुरतंय ते.

तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. नोव्हेंबरात एका पाहुण्याने मोबाइलवर आमच्याबद्दल लिहिलं की खोल्या स्वच्छ, पण सुक्या मासळीच्या वासाने झोप आली नाही. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी केसरला म्हटलं की बोंबील वाळत घालायचे बांबू आमच्या बाजूने काढ. जरा मोठ्याने म्हटलं असेन. पाहुणे उभे होते, त्यांच्यासमोर. त्याच संध्याकाळी तिने आणि तिच्या नवऱ्याने, सदाने, बांबू उपटले आणि पार पलीकडे नेले, एक शब्द न बोलता. भांडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून अबोला आहे. पहाटे होडी आली की ती आमच्या मागच्या अंगणातूनच पाटी घेऊन घरी जाते, पूर्वीसारखीच, पण मान खाली. आणि त्यानंतरच झाड खंगायला लागलं.

तिच्या मुलाने, विनेशने, हल्लीच तणनाशकाचा पंप आणलाय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. नाही तर समुद्राचं पाणी ओतत असतील. समुद्र काय, दारात आहे.

हे म्हणतात की मी वेड्यासारखी करते. पण दादा, मी शाळेत जायचे तेव्हा मैत्री दिवसभर केसरच्या मांडीवर असायची. तिला पहिला घास केसरनेच भरवला. तिने माझ्यावर राग काढावा, मी समजू शकते. मैत्रीच्या झाडावर का काढते? मला ते खरंच फार लागलंय.

पान सोबत आहे, अर्धं हिरवं. ते कापताना कुंपणापलीकडून कोणी बघतंय असं वाटलं, म्हणून घाईत कापलं.

वहिनीला जयभीम. तुझ्या मायेची सावली आहे तशी राहू दे.

प्रज्ञा


पाली
१ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञास,
सप्रेम जयभीम आणि नव्या वर्षाचे आशीर्वाद.

तणनाशक नाही. त्याने कोवळे शेंडे वळतात, आणि कुंडीखालचं गवत सगळ्यात आधी पिवळं पडतं. तुझं गवत हिरवं असणार, नसतं तर तू लिहिल्याशिवाय राहिली नसतीस. समुद्राचं पाणीही नाही. मिठाने पानाची टोकं जळतात. तरी खात्री म्हणून पानाचा तुकडा चमचाभर पाण्यात भिजवला आणि ते पाणी काचेवर सुकवलं. पांढरं काही उरलं नाही. सुचिता म्हणाली, आता चमचा दुसरा घ्या.

एक मात्र सांगतो. अशी पानं मी आयुष्यात एकदाच पाहिली आहेत. चौऱ्याण्णव साली महाबळेश्वरला प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हा रात्रीत दव गोठलं आणि सकाळी बंगल्याबाहेरच्या कुंड्यांची पानं आधी काचेसारखी आणि मग काळी झाली. ते थंडीचं काम. रोग एका पानावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकतो, थंडी एकदम मारते आणि जिथे लागली तिथेच मारते. पण तुझ्या पडवीत अठरा अंश. एक तर पान खोटं बोलतंय, नाही तर पारा, नाही तर मी म्हातारा झालोय. घरात तिसऱ्याच्या बाजूने मत पडलंय.

पानाला आणखी एक बारीक गोष्ट चिकटलेली सापडली. तिचा अर्थ लागल्याशिवाय लिहीत नाही. तोवर केसरला काही बोलू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
दादा


काशीद
९ जानेवारी २०२५

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

तू माझ्यापासून काय लपवतोस? पत्र वाचलं आणि मला तुझाच संशय आला. लहानपणीही माझी चूक असली की तू मोठ्याने बोलायचास आणि दुसऱ्याची असली की गप्प बसायचास.

तर ऐक. तुझी बारीक गोष्ट मला सापडली आहे. खवला. मासळीचा खवला. तू लिहिलंस तसं मी भिंग घेऊन बसले, तर एक पानावर आणि तीन कुंडीतल्या मातीत. आता यावर तुझा चमचा काय म्हणतो? मासळी धुतलेलं पाणी रोज माझ्या मुलीच्या झाडावर फेकलं जातंय आणि मी मूर्खासारखी करपा की जिवाणू ते विचारत बसले.

दत्तात्रेय गवंड्याला बोलावून घेतलं. चिरे आज येऊन पडले. वीस तारखेला, सोमवारी, भिंत सुरू. कुंपणाच्या जागी चांगली डोक्याएवढी उंच, पार मागच्या टोकापर्यंत. मागची वाट त्यात बंद होते. केसरला पाटी डोक्यावर घेऊन हमरस्त्याने वळसा घालून जावं लागेल, जायला पाव तास जास्त. तिला साठ पूर्ण झाली आहेत आणि तिचे गुडघे तुझ्यासारखेच आहेत, हे मला माहीत आहे. ते मला सांगू नकोस. वाट आमच्या जागेतून जाते, चाळीस वर्षं जाऊ दिली. ह्यांनाही भिंत पटलेली नाही.

झाडाला आता तीन पानं राहिलीत. दर खेपेला एक तुला पाठवते त्यातही जातंच. आज पाठवलेलं पान शेवटचं समज, दोनच उरतील. मैत्रीला सांगितलं की नेटवर्क नाही, व्हिडिओ लागत नाही. पोरीशी खोटं बोलले.

लोभ असेल तर भिंतीच्या आड येऊ नकोस.

प्रज्ञा


पाली
१३ जानेवारी २०२५
(स्पीड पोस्टाने)

चि. प्रज्ञास,
सप्रेम जयभीम.

खवला मलाही सापडला होता. लिहिला नाही, कारण तो तू वॉरंट म्हणून हातात घेऊन निघाली असतीस. तशी निघालीसच. आता नीट वाच, चहा बाजूला ठेवून.

मासळीचं पाणी पडलं असतं तर पानावर चिकट साय धरली असती, माश्या घोंगावल्या असत्या, पाकीट उघडताच सुचिता घराबाहेर गेली असती. यातलं काही नाही. पान स्वच्छ आहे. त्यावर खवला आहे आणि थंडीचा डाग आहे. काशीदला थंडी पडत नाही, पण काशीदला थंडी विकत मिळते. रोज लादीने येते, फोडून मासळीवर घालतात. प्रज्ञा, तुझ्या झाडावर कोणीतरी बर्फ घालतंय. खवला त्या बर्फातून आला. जिथे बर्फाचा खडा पानावर बसला तिथे डाग, जिथे तो वितळून नागवेलीवर ओघळला तिथे तिची पानं गेली. म्हणून वरची पानं, म्हणून एकच बाजू.

मैत्रीचं झाड थंड मुलखातून आलं, पण ते थंड मुलखातलं नव्हे. त्याचं मूळ घर दमट जंगलात. शिमल्याला ते काचघरात, उबेत वाढवलेलं असणार. दहा अंशांच्या खाली त्याचा जीव गुदमरतो. आपल्या कोकणाची हवा त्याला खरं तर शिमल्याहून मानवली असती.

कोण घालतं ते तुला कळलंच आहे. का घालतं ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. पण विचार कर. ज्याला झाड मारायचं असेल तो वाटीभर मीठ टाकेल आणि एका दिवसात मोकळा होईल. दीड महिना रोज पहाटे बर्फ कोण घालेल? सोमवारच्या आत एकदा पहाटे उठ, पडवीत अंधारात बस आणि नुसतं बघ. मध्ये बोलू नकोस. त्यानंतर भिंत बांधायची तर बांध, मी अवाक्षर काढणार नाही.

गुडघा चांगला असता तर स्वतः येऊन बसलो असतो.

तुझाच,
दादा


काशीद
२० जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

आज सोमवार. भिंत नाही. आता सगळं क्रमाने सांगते.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला पडवीत बसले, शाल घेऊन. तापमापकात एकोणीस होते. किनाऱ्यावर होडीचा आवाज आला आणि पाऊण तासाने केसर आली. पाटी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. मी मनात म्हटलं, बघ, चोर कसा बघतो. मग तिने पाटीतला ओंजळभर बर्फ घेतला, पदराने त्यातला मासळीचा कचरा वेचून काढला आणि एकेक खडा झाडाच्या बुंध्याशी आणि पानांवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मुंबईला जाणारं पापलेट खोक्यात लावतात तसा, हलक्या हाताने. शेवटी उरलेल्या दोन्ही पानांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी पुटपुटली. मला मैत्रीचं नाव ऐकू आलं.

मी बाहेर आले. ती पळाली नाही की दचकली नाही. मीच विचारलं, हे काय करतेस. तर मला म्हणाली, "बर्फाबिगर मावरं टिकत न्हाय बाई, तं थंडीच्या मुलखातलं झार कसं टिकंल?"

आणि आता तू चहा बाजूला ठेव. तिला हे कोणी सांगितलं म्हणतोस? तू. दिवाळीत कुंपणाशी उभा राहून तू म्हणालास की हे बर्फातलं झाड, याला इथे जगवायचं तर रोज बर्फ घालावा लागेल. आपण हसलो, तीही हसली. पण तू सरकारी शेतीखात्यातला माणूस. तुझ्या सांगण्यावरून आख्ख्या तालुक्याने भाताचं बियाणं बदललं. तिने ते मनावर घेतलं. मैत्री जाताना तिला सांगून गेली होती, काकी, झाडाकडे बघ हो. मग आमचा अबोला झाला. बर्फ घालू का, किती घालू, हे ती मला विचारणार कशी? म्हणून पहाटे, मान खाली घालून. मी ज्याला अपराध समजत होते तो हा.

मी तिथेच रडले, दादा. लिहायला लाज वाटत नाही. पाहुण्यांसमोर तिला बोलले त्याची माफी मागितली. तिने ऐकून घेतली. बांबू परत आण म्हटलं, तर म्हणाली बघू. अजून आणलेले नाहीत आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. गवंड्याला भिंत नको म्हणून सांगितलं. चिरे पडलेच आहेत, तर मागच्या वाटेवर जिथे पावसाळ्यात घसरायला होतं तिथे दोन पायऱ्या करून घेते आहे.

परवा दोन्ही पानं गळली. बुंध्याशी एक हिरवं टोक आहे. एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. पानं कमी होत चाललेली तिला दिसत होती, तरी बर्फ वाढवत का गेली? मी विचारलं तर माझ्याकडे कसंसंच बघितलं आणि म्हणाली, ते तुमच्या दादालाच लिहीन. पत्ता घेऊन गेली आहे. मला आता त्याचीच काळजी लागली आहे.

वहिनीला जयभीम. माझ्यावर रागावला असशील तर राग ठेव, पण लोभही राहू दे.

तुझी,
प्रज्ञा


काशीद
५ फेब्रुवारी २०२५

अजितदादास केसरचा रामराम. लिवणार सून प्राची. मी बोलते, ती लिवते. मध्ये सुधारते, तिला म्हटलं सुधारू नको.

मी माफी मागाला पत्र लिवत न्हाय. तुमी बोललाव, मी केलं. झार दोघांनी मिळून आजारी पाडलं. तुमी शिकलेली माणसं. हसताना सांगता का खरं सांगता, ते आमाला कसं कळंल? पुढल्या टायमाला सांगून हसा.

बाईंनी इचारलं बर्फ का वाढवला. त्यांच्या तोंडावर सांगाला बरं वाटलं न्हाय, म्हनून तुमाला सांगते. मना वाटलेलं, झार बाईच मारतान. एक डाव न्हाय, दोन-तीन डाव बघितलं. कात्री घेऊन याच्या, मागं-पुढं बघाच्या, अर्धं हिरवं पान कापाच्या आन पदराआड घेऊन घरान जाच्या. मेलेली पानं तशीच ठेवाच्या, जितं पान कापाच्या. मी घरी सदाला सांगितलं, बाई माझ्यावरचा राग झारावर काढते, मंग माझं नाव लावून भिंत बांधंल. चिरे आले तवा म्हटलं, बघ, बरोबर बोलले मी. म्हनून त्या जेवढं कापाच्या, तेवढा मी बर्फ घालाची. तुमाला पाकिटान पानं जातान ते आमाला काय ठावं?

आता बाईंना मी ह्यातलं बोलले न्हाय. पन त्यांना समजलं असंल. परवा आल्या आन कात्री माझ्याकडं ठेवाला दिली. मी पन पाटी आता कुंपणापासून लांब ठेवते. बांबू मैत्री आली का आणीन, तिला बोंबलाचा वास लागतो, न्हाय तं ती म्हनंल घर चुकलं.

हिरव्या टोकाचं पान उघडलं. लहान हाय, पन तकतकीत हाय. तुमाला पान लागतं तपासाला, ते मना ठावं हाय. पान पाठवत न्हाय. एकच हाय, ते झारावरच ऱ्हाईल. बघाचं असंल तं तुमीच या. मागच्या वाटंनं या, तितं पायऱ्या झाल्यान, गुडघ्याला सोप्या हान.

लोभ हाय तो तसाच ऱ्हाऊ द्या.

तुमची,
केसर